मुसळवाल्या साहेबांचं चौथं पेटंट

पेटंट मिळालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तेवढा पुरे झाला.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक लांबट पत्र्याची शेड होती. मूळची ती कोंबड्यांची. साथीत सगळ्या कोंबड्या गेल्या, तेव्हा मालकानं धंदा बंद करून शेड भाड्यानं दिली. भाडेकरूनं दारावर पाटी लावली, ‘भूगर्भ, धातू व इंधन संशोधन केंद्र’. पाटी चकचकीत होती, पण हवा जरा दमट झाली की भिंतींना पुन्हा कोंबड्यांचा वास सुटायचा आणि संशोधन केंद्राची खरी जात कळायची.

मी तेव्हा रसायनशास्त्र घेऊन नुकती बीएस्सी झाले होते. खर्डीहून रोज वाशिंदला जाऊन कारखान्यात पॅकिंगला उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. शहापूरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ‘प्रयोगशाळा सहायक पाहिजे’ अशी चिठ्ठी दिसली आणि मी गेले. साहेबांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला.

“आपल्याला गुपित ठेवता येतं का?”

“हो,” मी म्हणाले.

“हे सांगायला नको होतं,” ते म्हणाले आणि त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, “सोमवारपासून या.”

साहेब मूळचे ठाण्याकडचे. कुठल्याशा मोठ्या तेल कंपनीत खनिज शोधण्याच्या खात्यात होते, असं ते सांगत. तिथून निवृत्त झाले की त्यांना निवृत्त केलं, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. उंच, किडकिडीत, बाराही महिने पायांत गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट. वैशाखातसुद्धा. बुटांमुळे पायांना खाज सुटायची, मग टेबलाखाली एक पाय दुसऱ्यावर घासत बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “माझ्या पावलांचे हादरे जमिनीत जाऊन मोजमाप बिघडतं.” मोजमाप महिन्यातून एकदा व्हायचं. बूट रोज.

मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. ‘सहायक’ म्हणायचे. दुसरा माणूस गणपतदादा, किन्हवलीचा लेथवर काम करणारा साठीचा कारागीर, त्याला ‘निर्मिती विभाग’ म्हणायचे. “सहायक, निर्मिती विभागाला बोलवा,” असा हुकूम आला की मी मागच्या दाराशी जाऊन ओरडायची, “गणपतदादा, इकडं ये रे!”

टेबलामागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत तीन पेटंटं टांगलेली. एक जमिनीत हादरे सोडून खाली काय आहे ते शोधण्याच्या यंत्राचं, दुसरं जुन्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या भंगारातून सोनं-तांबं काढण्याचं, तिसरं प्लॅस्टिकच्या पिशव्यांपासून डिझेल करण्याचं. येणाऱ्याजाणाऱ्याला खुर्ची नंतर मिळायची, आधी या भिंतीचं दर्शन घ्यावं लागायचं. गावातली माणसं शिक्का बघून हात जोडत. मीही पहिले काही महिने मनातून जोडले. पुढं त्यांचेच अर्ज टाइप करता करता मला पेटंट म्हणजे काय ते समजलं. यंत्र चालतं याचा तो दाखला नव्हे. असं यंत्र आधी कोणी केलेलं नाही, एवढाच त्याचा खरा अर्थ. साहेबांची तिन्ही यंत्रं चालू असताना पाहिल्यावर आधी कोणी ती का केली नव्हती, तेही समजलं.

अर्ज लिहून लिहून त्यांची भाषाच तशी झाली होती. पेटंटच्या अर्जात ‘दावे’ असतात, एकापुढे एक क्रमांक घातलेले. साहेब चहासुद्धा तसाच मागायचे. “दावा क्रमांक एक, चहा. दावा क्रमांक दोन, दावा क्रमांक एकमध्ये वर्णिलेला चहा, ज्यात साखर अर्धा चमचा. दावा क्रमांक तीन, दावा क्रमांक दोनमधील चहा, जो कपाच्या काठापासून बोटभर खाली आहे.” पहिल्यांदा मला हसू आलं. ते हसले नाहीत. दुसऱ्या महिन्यापासून मलाही यायचं बंद झालं.

सगळं जग आपली नक्कल करायला टपलंय, अशी त्यांची पक्की समजूत. दूधवाला दारात आला की टेबलावरचे नकाशे पालथे व्हायचे. वीज मंडळाचा मीटर वाचणारा तर हेरच. तो आला की साहेब मीटरपुढे उभे राहून आकडा स्वतः मोठ्यानं वाचून दाखवत. मला वाटायचं, त्या दूधवाल्यानं नकाशे उघडे पाहिले असते तर काय केलं असतं? फार तर भाव वाढवला असता.

भंगारातल्या सोन्याची गोष्ट सांगायलाच हवी. तीव्र आम्लात सोनं विरघळवायचं, मग दुसरं रसायन घालून ते गाळ म्हणून खाली बसवायचं, अशी ती रीत. रीत जगभर करतात, साहेबांनी त्यात काहीतरी उलटसुलट करून पेटंट घेतलं होतं. भंगारातून हाती काहीच दिसेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की दोष भंगारात आहे, त्यात मुळात सोनंच कमी घालतात. खात्रीसाठी शुद्ध सोनं पाहिजे. रविवारी त्यांची बायको ठाण्याहून डबा घेऊन यायची. गरीब, हसऱ्या स्वभावाची बाई. तिच्या हातातली एक बांगडी त्यांनी मागून घेतली, आणि तिनं दिली. आजही मला ते आठवलं की चीड येते, त्यांची आणि तिचीही.

बांगडी काचेच्या भांड्यात पिवळ्या पाण्यासारखी झाली. पुढं गाळ बसला तो चिमूटभर, तपकिरी. बाकीचं कुठं गेलं? गाळणीच्या धुण्याबरोबर मोरीतून मागच्या ओहोळात. मी आधी सांगितलं होतं की धुण्याचं पाणी टाकू नका. साहेबांनी नोंदवहीत लिहायला सांगितलं, ‘धातूची पुनर्प्राप्ती समाधानकारक. बांगडी अशुद्ध असल्याचे निष्पन्न.’

बायकोनं वाचलं. “अहो, माझ्या आईची होती ती,” एवढंच म्हणाली. पुढच्या रविवारी डबा घेऊन कोणी आलं नाही. त्यानंतरही कधी नाही.

डिझेलचंही तेच. शेडमागच्या भट्टीत पिशव्या वितळवून जे निघालं ते काळं, मेणचट, आणि असा वास मारणारं की रस्त्यावरची माणसं नाकाला रुमाल लावून जात. ते त्यांनी गणपतदादाच्या पाण्याच्या इंजिनात ओतायला लावलं. इंजिन दोनदा खोकललं आणि जे बंद पडलं ते कायमचं. गणपतदादाची मागच्या बाजूची सगळी भेंडी त्या उन्हाळ्यात वाळली. साहेब इंजिनाभोवती फिरले, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, “इंजिन इंधनाच्या पातळीचं नाही.”

गणपतदादा माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, “ताई, ह्या मानसाच्या हातून कदी काय चुकलंय का गो? नाय ना? मंग ह्याला शिकवनार कोन?”

त्याचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. तिथं काम सोपं होतं, पगार वेळेवर व्हायचा, आणि घरी सांगायला ‘संशोधन केंद्रात आहे’ हे बरं वाटायचं. माझी लायकी तेव्हा एवढीच होती.

आता मुसळ. साहेबांचा सगळ्यात मोठा अभिमान हे जमीन ऐकण्याचं यंत्र. जमिनीवर ठोका मारला की त्याचा हादरा खाली जातो, कातळावर, मुरमावर, पाण्यावर आपटून परत येतो. जमिनीत ओळीनं खोचलेले छोटे खुंटे तो परत आलेला हादरा ऐकतात, कॉम्प्युटर त्याच्या रेघा काढतो आणि जाणकार माणूस रेघा वाचून खाली काय आहे ते सांगतो. जगात हे काम लोखंडी पत्र्यावर घण मारून होतं. साहेबांनी घणाच्या जागी भातगिरणीतलं जुनं लोखंडी मुसळ घेतलं, ते सायकलच्या चाकानं वर उचलून आपोआप खाली पाडायची योजना केली आणि त्याला नाव दिलं, ‘स्वयंचलित भूलहरी-उद्गम संयंत्र’. गणपतदादानं ते जोडून दिलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की मुसळ सरळ पडत नाही, तिरकं पडतं. साहेबांनी पेटंटच्या अर्जात लिहायला लावलं, ‘ठोका जाणीवपूर्वक तिरकस ठेवला आहे.’ मी लिहिलं.

खर्डीपलीकडे तानसा धरणाच्या अंगाला एक पाडा आहे. चढावर पस्तीसेक घरं, भात आणि नागलीची शेती. वरून बघितलं की झाडांच्या फटीतून तानसाच्या पाण्याची पांढरी पट्टी दिसते. ते पाणी मुंबईचं. पाड्यातल्या बाया उन्हाळ्यात ओहोळाच्या तळाशी वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं हंडा भरतात. मुंबईच्या एका संस्थेनं पाड्याला एक विहीर द्यायचं कबूल केलं. सुरुंग, सिमेंट संस्थेचं, अंगमेहनत पाड्याची. अट एकच, विहीर कुठं खणायची त्याचा तांत्रिक अहवाल पाहिजे. साहेबांच्या कानावर हे गेलं आणि ते गमबूट झाडत उठले. “फुकट करून देऊ,” म्हणाले. आम्ही जीपमध्ये मुसळ घालून निघालो.

पाड्याची पुढारी म्हणावी अशी सोमीबाई. चाळिशीची, ठेंगणी, आवाज खणखणीत. ती आम्हाला सरळ खालच्या अंगाला घेऊन गेली, एका मोठ्या उंबराखाली.

“हितं बगा सायेब. आमचं म्हातारं सांगून गेलंय, हितं पानी हाय.”

साहेबांनी उंबराकडं बघितलंसुद्धा नाही. “झाडाला भूगर्भातलं काय समजतं?” ते म्हणाले आणि वरच्या उतारावर चालू लागले, कारण तिथं यंत्राची चाकं नीट बसत होती. हे कारण मला गणपतदादानं सांगितलं, त्यांनी नाही.

मोजमाप चालू असताना जमीन शांत पाहिजे. साहेबांनी सगळा पाडा थांबवला. भात कांडणाऱ्या बाईला उखळापासून उठवलं, बकऱ्या ओहोळापलीकडं हाकलल्या, कोंबड्या डालग्याखाली झाकल्या. पाळण्यातलं पोर उचलून बाहेर आणायला लावलं, कारण झोक्याचाही हादरा बसतो. सगळी माणसं देवाच्या मिरवणुकीला उभी राहावीत तशी रांगेत श्वास धरून उभी. कोणी खोकलं की साहेब हात वर करत. मुसळ तिरकं पडलं, धप्प.

आणि तेवढ्यात खालून कसाऱ्याकडे जाणारी मालगाडी आली. घाट चढायला दोन इंजिनं लावलेली, अंगणातली भांडीसुद्धा थरथरली. ती गेली, तर समोरून दुसरी. खुंट्यांनी त्या दिवशी जमिनीचं काय ऐकलं असेल ते असो, रेल्वेचं मात्र मनसोक्त ऐकलं.

मी रेघा बघितल्या. एवढं शिकले होते की ठोक्याची रेघ कुठली आणि गाडीचा गोंधळ कुठला, ते मला दिसत होतं. मी म्हणाले, “सर, यात काहीच वाचता येत नाही. गाड्या नसतील तेव्हा परत घेऊ या.”

“आपल्याला येत नाही,” साहेब म्हणाले. “चाळीस फुटांवर पाणी. स्पष्ट आहे.” मग त्यांनी बोटानं जागा दाखवली. “सहायक, खुंटी.”

खुंटी मी ठोकली. लाकडी, लाल रंग दिलेली. दुसऱ्या दिवशी संस्थेला आणि तालुक्याच्या कचेरीला पाठवायचा अहवालही मीच टाइप केला, ‘सदर ठिकाणी मुबलक पाणी उपलब्ध असल्याचे निश्चित झाले आहे.’ खाली साहेबांची सही, त्याच्या खाली माझी. सोबत त्यांनी आणखी कसल्या कसल्या अर्धवट कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. मी ते वाचले नाहीत. जेवणाची सुट्टी झाली होती.

त्या वर्षी पाड्यातली माणसं वीटभट्टीवर गेली नाहीत. एरवी दिवाळी झाली की घरं बंद करून निम्मा पाडा भट्ट्यांवर जातो. त्या वर्षी सगळी मागं राहिली आणि खणत बसली. वरती हातभर मुरूम लागला, आणि त्याखाली काळा कातळ. सुरुंग लावायचा, दगड घमेल्यांनी वर काढायचा, पुन्हा सुरुंग. तीस फूट. चाळीस. साहेब म्हणाले, मोजमापात पाच फूट इकडंतिकडं होतं. पंचेचाळीस. होळी आली तेव्हा ते पन्नास फूट खाली होते, आणि खाली पहारीनं ठोकलं तर ठिणगी उडत होती.

सोमीबाईचा निरोप आला, या आणि बघा. आम्ही गेलो. विहिरीभोवती पाड्यातली झाडून सगळी माणसं बसली होती. कोणी शिवी दिली नाही. मला तर वाटत होतं, द्यावी. साहेब शिडीवरून विहिरीत उतरले, गमबुटांसकट. तळाशी जाऊन कातळाला कान लावून बसले. आम्ही वरून बघत होतो, त्यांच्या टकलावर ऊन पडलेलं. अर्धा तास बसले असतील. मग वर आले, बुटांवरची धूळ झटकली आणि म्हणाले,

“यंत्र बरोबर आहे. विहीर चुकली आहे.”

कोणालाच काही समजलं नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं, की खुंटी कोणीतरी हलवली असली पाहिजे. दहा-बारा फुटांचा फरक दिसतो. अशिक्षित लोकांकडून असं होतं, त्यांचा राग नाही.

सोमीबाई उठून उभी राहिली. “खुटी आमी हालवली? आमी? पोराबाळांस्नी घिऊन पाच म्हयनं दगुड फोडलं, त्ये चुकीच्या जागी फोडायला?”

“मी कोणाचं नाव घेतलं नाही,” साहेब म्हणाले.

मला अजूनही माझा आवाज कसा फुटला ते सांगता येत नाही. म्हणाले, “सर, खुंटी मी ठोकली होती. जागा हीच आहे. त्या दिवशी रेघांत रेल्वेशिवाय काही नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, “सहायक, आपण भावनिक झाला आहात. जीपमध्ये बसा.”

मी जीपमध्ये बसले नाही. पाड्यावरून खर्डीपर्यंत चालत आले. पण हेही सांगते, त्या चालण्यात शूरपणा काही नव्हता. सोमीबाईला तोंड दाखवायला नको म्हणून मी झपझप चालत होते, आणि नंतर कितीतरी वर्षं मी त्या वाटेला गेले नाही.

पुढं मी खर्डीजवळच्या एका शाळेत प्रयोगशाळेत लागले. लग्न झालं, सासरही खर्डीतच. गणपतदादा बाजारात भेटला तेव्हा त्यानं सांगितलं की पाड्यातल्या माणसांनी नंतर स्वतःच उंबराखाली खणलं. पाणी लागलं, पण माघ संपता संपता आटलं. म्हणजे उंबरही काही फार शहाणा निघाला नाही. फरक इतकाच, की उंबरानं कोणावर आळ घेतला नाही.

साहेबांनी शेड सोडून मुरबाडला बिऱ्हाड केल्याचं ऐकलं होतं. त्यांचा विषय माझ्यापुरता संपला होता. आणि गेल्या डिसेंबरात पोस्टानं एक जाडजूड पाकीट आलं. आत पेटंटचं प्रमाणपत्र. नाव, ‘भूलहरींच्या साहाय्याने भूजलाचा अभाव निश्चित करण्याची पद्धत’. मी दोनदा वाचलं. पाणी नसल्याचं ओळखण्याची पद्धत! त्या कोरड्या विहिरीवर या माणसानं चौथं पेटंट काढलं होतं. मालगाडीच्या रेघा, पन्नास फूट कातळ, सगळं आकृत्यांसकट आत. आणि संशोधकांच्या रकान्यात त्यांच्या नावाखाली माझं नाव. माहेरचं, बापाच्या नावासह, अगदी बिनचूक. जेवणाच्या सुट्टीत केलेल्या सह्या कशावर होत्या ते तेव्हा समजलं.

मी पाकीट फाडून टाकणार होते. पण पोस्टमनकडून गावाला, गावाकडून मुख्याध्यापकांना बातमी पोचली, आणि मुख्याध्यापकांनी प्रजासत्ताक दिनाला माझा सत्कार ठरवला. नको म्हटलं तर म्हणाले, “अहो, आपल्या शाळेत पेटंटधारक! विनय पुरे झाला.” शाल, नारळ, टाळ्या. कसलं पेटंट ते एकानंही विचारलं नाही.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि समोर स्वयंपाकघराच्या दारात सोमीबाई दिसली. शाळेत मुलांच्या आहाराची खिचडी करायला ती त्याच आठवड्यापासून लागली होती, हे मला ठाऊक नव्हतं. केस पांढरे झालेले, हातात खिचडीचा डाव. तिनं मला ओळखलं होतं.

मी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. म्हणाले, “या यंत्रानं कोणाला पाणी मिळालेलं नाही. एका पाड्यानं पाच महिने दगड फोडला, तो माझ्या सहीच्या अहवालावर. तो अहवाल खोटा होता आणि ते मला सही करताना माहीत होतं.” मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. मुलांना टाळ्या वाजवायला आधीच सांगितलेलं होतं, त्यांनी वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर सोमीबाईनं डाव पातेल्यात ठेवला.

“माफी काय करायची गो बाय? ती का हंड्यात भरता येते? टँकरचं बग.”

“कसला टँकर?”

“आजूबाजूच्या समद्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर येतो. आमाला नाय. कचेरीत गेलं की सांगतात, तुमच्या पाड्याला विहीर हाय, तिला मुबलक पानी हाय, तसा कागुद हाय. तुजा कागुद. सात उन्हाळं झालं.”

मी तिथंच पोत्यावर बसले. त्या दिवशी ओहोळाच्या वाळूतल्या त्या बाया माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. सात वर्षं मी ज्या वाटेनं जायला लाजत होते, त्या वाटेनं सात वर्षं टँकर गेला नव्हता, आणि त्याला अडवणारा कागद मी टाइप केलेला होता. साहेबांना शिव्या द्यायला मी इतकी तयार, पण एवढी साधी चौकशी माझ्या हातून झाली नव्हती.

“मंग, पानी हाय का नाय तितं?” सोमीबाईनं विचारलं.

“नाही.”

“तेवडं लिवून दे.”

मी लिहून दिलं. हातानं, दोन पानं, सहीनिशी. सोमीबाई, मी आणि पाड्यातली चार माणसं तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकून सज्जन होता. त्यानं सगळं वाचलं आणि हताशपणे म्हणाला, “ताई, पटतंय मला. पण फायलीत तांत्रिक अहवाल आहे. तो साध्या अर्जानं रद्द होत नाही. पाणी नाही असा तांत्रिक दाखला पाहिजे. अधिकृत पद्धतीनं काढलेला.”

मी पिशवीतून ते प्रमाणपत्र काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. ‘भूजलाचा अभाव निश्चित करण्याची पद्धत’, शिक्का, आकृत्यांत तीच विहीर, खाली माझं नाव. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं. खुर्चीवरून अर्धवट उठला. “मॅडम, मग आधी सांगायचं ना!” म्हणाला.

एप्रिलात पाड्याच्या पायथ्याशी टँकर आला. सोमीबाईनं पहिला हंडा भरला आणि चढाला लागली. तिथं उभं राहून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या आठवड्यात मुरबाडहून फोन आला. आवाज म्हातारा झाला होता, पण भाषा तीच. कोणीतरी त्यांना सगळं कळवलं होतं.

“सहायक, अभिनंदन,” साहेब म्हणाले. “त्या पाड्याला अखेर पाणी मिळालं. माझ्याच यंत्रामुळे.”

त्यांना काय काय सुनवायचं ते मी सात वर्षं घोकत आले होते. बांगडी, भेंडी, तो आळ, सगळं. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की त्यांच्या त्या वाक्यात खोडून काढावं असं एक अक्षरही नाही. मी फोन ठेवून दिला.